नव्या कणसाचा सण

दरवर्षीं सप्टेंबरच्या ८ तारखेस मंगळूर शहरांत आणि आसपासच्या खेड्यापाड्यांत कॅथॉलिक ख्रिस्ती कुटुंबें एक सण पाळतात. तेथील कोंकणी भाषेंत त्याला ‘मोंती फेस्त’ म्हणतात. येशू ख्रिस्ताची माता मरिया हिचा हा जन्मदिवस. कॅथॉलिक पंचांगांत हा दिवस जगभर नोंदलेला आहे. परंतु पुष्कळ ठिकाणीं त्या दिवशीं चर्चमध्यें विशेष प्रार्थना होते आणि लोक आपापल्या उद्योगास लागतात. मंगळूरकडे मात्र त्या दिवशीं चुलीवर मांस-मासळी चढत नाहीं, नव्या भाताचें कणीस घरांतील देव्हाऱ्यापुढें ठेवतात, आणि तान्ह्या मुलापासून आजोबांपर्यंत सारें कुटुंब एका पंक्तीस बसून नवें अन्न ग्रहण करितें. हें वर्णन ऐकून एखाद्याला आपल्याकडील नवान्नाची आठवण झाली तर त्यांत नवल नाहीं. हें साम्य वरवरचें नसून त्याच्यामागें कित्येक शतकांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासांत राजे, सेनापति व धर्माधिकारी यांच्या बरोबरीनें घरांतील लहान मुलांचाहि वांटा आहे.

प्रथम मूळ सणाची हकीकत पाहूं. बायबलमध्यें मरियेच्या जन्माचा वृत्तांत नाहीं. तिच्या आईबापांचीं नांवें योआकिम व अन्ना हीं होत, आणि तीं दोघें अपत्यहीन असतां उतारवयांत त्यांना ही कन्या झाली, ही कथा दुसऱ्या शतकांतील ‘याकोबाचें आद्य शुभवर्तमान’ या ग्रंथांत येते. चर्चनें हा ग्रंथ बायबलमध्यें समाविष्ट केला नाहीं. पण लोकांनीं कथा सोडली नाहीं. वांझपणाचा बोल ऐकणारीं वृद्ध पतिपत्नी आणि त्यांच्या घरीं झालेली मुलगी, ही गोष्ट कोणत्याहि देशांतील आजीबाईला नातवंडांना सांगावीशी वाटेल अशीच आहे. सहाव्या शतकांत पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांत या जन्माचा सण रूढ झाला होता. तेथून तो रोमला गेला. पहिले सर्जियस हे इ. स. ६८७ ते ७०१ पर्यंत पोप होते व त्यांचें घराणें मूळचें सीरियांतलें. त्यांनीं या सणाला मिरवणुकीचा मान दिला. युरोपांत हा काळ सुगीचा असल्यामुळें फ्रान्समधील द्राक्षबागाईतदार या दिवसाला द्राक्षांच्या हंगामाच्या मातेचा सण म्हणूं लागले, आणि पहिलें द्राक्ष चर्चमध्यें नेऊन त्यावर आशीर्वाद मागूं लागले. म्हणजे मरियेच्या जन्माची आणि नव्या पिकाची गांठ आपल्याच देशांत प्रथम पडली असें नाहीं. जेथें जें पिकतें तें त्या मातेपुढें ठेवावें, असें शेतकऱ्यांना ठिकठिकाणीं वाटलें.

आपल्या किनाऱ्यावर ही गांठ पडली ती गोव्यांत. इ. स. १५१० मध्यें आल्बुकर्कनें गोवा जिंकल्यावर पुढील शंभर वर्षांत तिसवाडी, बारदेश व साष्टी या तालुक्यांतील पुष्कळ गांवें ख्रिस्ती झालीं. धर्म पालटला, नांवें पालटलीं; परंतु शेतें तींच राहिलीं, पाऊस तोच राहिला, आणि भाताला दाणा भरण्याचा काळहि तोच राहिला. गोव्यांतील हिंदु घरांत चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं नवीं कणसें आणून त्यांची पूजा करितात. पहिलें कणीस देवाला दिल्यावांचून नवा तांदूळ शिजवावयाचा नाहीं, हा संस्कार ज्यांच्या रक्तांत भिनला होता, त्या कुळंब्यांना नव्या धर्मांतहि तो कोठें तरी बसवावा लागला. चर्चनें तो आपल्या पंचांगांत बसवून घेतला. साष्टीतील राय गांवीं ५ ऑगस्टला आणि तिसवाडींतील ताळगांवीं २१ ऑगस्टला कणसांचें फेस्त होतें. तेथें धर्मगुरु प्रथम भाताला आशीर्वाद देतात आणि मग कापणीला आरंभ होतो.

मात्र घरांतील सगळ्याच जुन्या चालीरीतींना असें अभय मिळालें नाहीं. गोव्यांत इ. स. १५६० पासून धर्मन्यायालय, ज्याला इन्क्विझिशन म्हणतात, तें सुरू झालें आणि मधला थोडा खंड सोडला तर इ. स. १८१२ पर्यंत चाललें. प्रख्यात संशोधक अ. का. प्रियोळकर यांनीं त्याचा इतिहास लिहिला आहे. या न्यायालयानें १७३६ सालीं काढलेल्या आज्ञापत्रांत ज्या गोष्टींना मनाई केली त्यांची यादी मोठी आहे. अंगणांत तुळस लावूं नये, हिंदूंप्रमाणें बिनमिठाचा भात शिजवूं नये, लग्नांत अमुक गाणीं गाऊं नयेत, अमुक विधि करूं नयेत, असे हे नियम होते. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. हीं बंधनें चर्चमधील वर्तनासंबंधीं नव्हतीं. तीं अंगणासंबंधीं, चुलीसंबंधीं आणि पानावर वाढलेल्या भातासंबंधीं होतीं. माणसाचा खरा धर्म कोठें राहतो हें त्या न्यायाधीशांना नीट समजलें होतें. धर्मांतर होऊन दोनशें वर्षें लोटलीं तरी मुलें आईच्या मागून स्वयंपाकघरांत जें शिकतात तें पुसलें गेलें नव्हतें, याचा त्या आज्ञापत्राहून अधिक चांगला पुरावा मिळणें कठीण.

याच काळांत गोव्यांतील कित्येक ख्रिस्ती कुटुंबें दक्षिणेकडे कानडा प्रांतांत जाऊं लागलीं. त्यांच्या स्थलांतराचीं कारणें अनेक होतीं. दुष्काळ, रोगाच्या सांथी, पोर्तुगीजांचे कर, धर्मन्यायालयाची धास्ती, आणि मराठ्यांच्या स्वाऱ्या. इ. स. १६८३ मध्यें संभाजी महाराजांनीं साष्टी व बारदेशावर चाल केली. पुढें १७३९ मध्यें, चिमाजी अप्पांनीं वसई घेतली त्याच वर्षीं, मराठी फौजा या तालुक्यांत पुन्हा उतरल्या. महाराष्ट्राच्या दृष्टीनें हे पराक्रमाचे प्रसंग होत; परंतु घरदार गुंडाळून किनाऱ्याच्या कडेनें दक्षिणेस चाललेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें ते निराळे होते. केळदीच्या नायकांना कसबी शेतकरी हवेच होते. त्यांच्या राज्यांत या लोकांना जमिनी मिळाल्या आणि ते तेथें स्थायिक झाले. कोंकणी भाषा, भाताचें शेत आणि नव्या कणसाची चाल त्यांनीं बरोबर नेली.

इ. स. १७६३ मध्यें हैदरअल्लीनें बिदनूर घेतलें, आणि मंगळूर त्याच्या ताब्यांत आलें. मोंती फेस्ताचा उगम परंपरेनें याच वर्षाचा मानतात. मंगळुरापासून कांहीं मैलांवर नेत्रावती नदीच्या कांठीं फरंगीपेट म्हणून गांव आहे. तेथें ‘मोंते मारियानो’, म्हणजे मरियेचा डोंगर, या नांवाचें ख्रिस्तमंदिर होतें. गोव्याहून आलेले फादर योआकिम मिरांदा यांनीं तेथें मरियेच्या जन्माचा सण मोठ्या प्रमाणावर साजरा करण्यास आरंभ केला. मरियेच्या पित्याचें नांवहि योआकिमच, हा एक गमतीचा योग. ‘मोंते’ या पोर्तुगीज शब्दावरून लोक त्या सणाला मोंतीचें फेस्त म्हणूं लागले. पुढें फरंगीपेटचें नांव मागें पडलें; डोंगर दृष्टीआड झाला; तरी सणाच्या नांवांत तो अद्याप उभा आहे.

या सणाला आरंभ होऊन एकवीस वर्षें झालीं नाहींत तोंच या समाजावर मोठें संकट कोसळलें. इंग्रज व म्हैसूर यांच्यामधील दुसऱ्या युद्धांत हे ख्रिस्ती लोक इंग्रजांना आंतून मदत करितात असा टिपू सुलतानाचा समज झाला. इ. स. १७८४ च्या फेब्रुवारींत, उपवासकाळाच्या आरंभींच्या सुमारास, त्यानें त्यांची धरपकड केली. हजारों स्त्रीपुरुष व मुलें घाट चढून श्रीरंगपट्टणास नेण्यांत आलीं. वाटेंत आणि बंदिवासांत कितीजण दगावले. धर्मगुरूंना हद्दपार केलें गेलें, बहुतेक चर्चें जमीनदोस्त झालीं, जमिनी जप्त झाल्या. ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडलें आणि टिपू मारला गेला, तेव्हां उरलेल्यांची सुटका झाली.

पंधरा वर्षें हा लहान काळ नव्हे. जें मूल पांच वर्षांचें असतां पकडलें गेलें, तें वीस वर्षांचें होऊन परतलें. जें बंदिवासांतच जन्मलें त्यानें आपल्या गांवचें चर्च पाहिलेलेंच नव्हतें. परत आल्यावर या लोकांनीं चर्चें पुन्हा उभारलीं आणि सणहि पुन्हा सुरू केले. पण सणाची आठवण त्यांनीं कोठून आणली? देऊळ नव्हतें, धर्मगुरु नव्हते, शेत नव्हतें. ती आठवण आईबापांच्या आणि आजीआजोबांच्या तोंडून मुलांच्या कानीं गेली असली पाहिजे. तिला दुसरी वाट नव्हती. मोंती फेस्ताच्या पोटांत घरगुती विधि एवढा बळकट कां, याचें निदान एक उत्तर येथें मिळतें.

आतां हा सण घरांत कसा होतो तें पाहूं. त्याची सुरुवात नऊ दिवस आधीं, ३० ऑगस्टला होते. या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला नोव्हेना म्हणतात. रोज मुलांनीं फुलें घेऊन चर्चला जावयाचें, असा परिपाठ आहे. श्रावण-भाद्रपदांतील तो काळ. कुंपणावर, बांधावर, वाटेच्या कडेला तेरडा, जास्वंद, गुलबक्षी आणि नांवें ठाऊक नसलेलीं रानफुलें फुललेलीं असतात. मुलें सकाळीं लौकर उठून तीं वेंचतात, करंड्या भरतात, आणि कोणाची करंडी अधिक भरली यावरून भांडतातहि. चर्चमध्यें बाळ मरियेची मूर्ति मांडलेली असते. प्रार्थना झाल्यावर मुलें ओळीनें पुढें येतात व कोंकणी गीत गात तिच्यावर फुलें उधळतात. या विधींत मोठ्या माणसांना फारसें काम नाहीं. फुलें मुलांनीं आणावयाचीं आणि मुलांनींच वाहावयाचीं. मोठ्यांनीं मागें उभें राहून पाहावयाचें. जन्मोत्सव एका तान्ह्या मुलीचा. तेव्हां तिचे पहिले पाहुणे तिच्याच वयाच्या जवळपासचे असावेत, हें उचितच आहे.

नवव्या दिवशीं नोव्हेना संपते आणि ८ तारखेस सकाळीं मुख्य समारंभ होतो. भाताच्या कणसांच्या पेंढ्या आणून त्यांवर धर्मगुरु आशीर्वाद देतात. मिरवणूक निघते, मिस्सा होते, आणि मग प्रत्येक कुटुंबाला कणसें वांटतात. नऊ दिवस फुलें आणणाऱ्या मुलांना ऊंस व मिठाई मिळते. डाव्या हातांत उंसाचें कांडें आणि उजव्या हातांत घरचीं कणसें, अशा थाटांत मुलें परत निघतात. कणसें नीट धरावीं, दाणे सांडूं देऊं नयेत, हें त्यांना वारंवार बजावलेलें असतें. आणि ही जबाबदारी आपल्यावर सोंपविली याचा त्यांना अभिमान असतो.

घरीं आल्यावर कणसें आल्तारापुढें, म्हणजे घरांतील देव्हाऱ्यापुढें ठेवतात. मेणबत्त्या लावतात. सारें कुटुंब गुडघे टेकून प्रार्थना म्हणतें. नंतर कणसांतील दाणे सोलून त्यांची पूड करितात आणि ती नारळाच्या रसांत किंवा खिरींत मिसळतात. याला ‘नवें’ म्हणतात. घरांतील वडील माणूस तें सर्वांना वांटतें, आणि तें मुखीं पडल्यावांचून जेवणास आरंभ होत नाहीं. पुढें केळीच्या पानावर जेवण वाढलें जातें. त्या दिवशीं मांस नाहीं, मासळी नाहीं, आणि ज्या समाजांत एरवीं माशावांचून घास उतरत नाहीं त्या समाजांत ही गोष्ट लहान नव्हे. भाज्यांची संख्या विषम असावी लागते. तीन, पांच, सात किंवा नऊ. ज्याची जशी ऐपत. आळूं, भेंडी, काकडी, कारलें अशा पावसाळी भाज्या नारळ घालून केलेल्या असतात, आणि शेवटीं गूळ व नारळाचा रस घालून केलेला डाळीचा गोड पदार्थ, ज्याला ‘वोर्न’ म्हणतात. शाकाहार, केळीचें पान आणि विषम संख्या या तिन्ही गोष्टी धर्मांतरापूर्वींच्या घराकडून आल्या, हें उघड आहे. १७३६ च्या आज्ञापत्राचा कर्ता या पंक्तीस येता तर त्याला पुष्कळ लिहून घ्यावें लागलें असतें.

या जेवणांतील एक रीत विशेष सांगण्यासारखी आहे. घरांतील जें माणूस त्या दिवशीं हजर नसेल त्याचा वांटा विसरावयाचा नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मंगळुरास शिक्षणाचा प्रसार झाला. १८७८ च्या अखेरीस जेझुइट धर्मगुरु आले आणि १८८० मध्यें त्यांनीं सेंट अलॉयशियस महाविद्यालय स्थापन केलें. १९०७ मध्यें आगगाडी आली. शिकलेले तरुण मद्रास, मुंबई, पुढें आखाती देश आणि त्याच्याहि पलीकडे नोकरीस गेले. त्यांच्या नांवें आशीर्वादित भाताचे चार दाणे पाकिटांत घालून टपालानें पाठविण्याचा प्रघात पडला. मुंबईंतील एखाद्या चाळीच्या खोलींत किंवा समुद्रापलीकडील वसतिगृहांत तें पाकीट पोंचे. दाणे कुटून पेलाभर दुधांत घातले कीं तो तरुण घरच्या पंक्तीस बसल्यासारखाच होई. आणि गांवीं ज्या मुलानें काकाच्या वांट्याचे दाणे मोजून कागदांत बांधले, त्याला न पाहिलेल्या काकाचें नातें कळे.

या सणाचा मुंबईशीं दुसराहि एक धागा जुळतो. वांद्र्याच्या टेंकडीवर माउंट मेरीचें देऊळ आहे. कोळी लोक तिला ‘मोत माउली’ म्हणतात. हा ‘मोत’ शब्द त्याच पोर्तुगीज ‘मोंते’चें रूप मानला जातो, म्हणजे नेत्रावतीच्या कांठची मोंती आणि वांद्र्याची मोत या नांवानें सख्ख्या बहिणी ठरतात. आजची इमारत १९०४ मधील असून १९५४ सालीं तिला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला. तेथील सुप्रसिद्ध जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारीं सुरू होऊन आठवडाभर चालते, आणि तींत सर्व धर्मांचे लोक मेणबत्त्या घेऊन जातात. मुंबई-वसईकडील मराठी बोलणारे मूळचे ख्रिस्ती, ज्यांनीं १८८७ मध्यें ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें, ते आपला कणसांचा सण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं पाळतात व त्याला ‘आगेरा’ म्हणतात. दिवस निराळा, बोली निराळी. परंतु पहिलें कणीस देवाला देऊन मग आपण जेवावें, ही बुद्धि तीच. कोजागिरीला ‘नव्याची पुनव’ म्हणणाऱ्या कोंकणी शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाहीं.

या सणाचा आणखी एक अर्थ अलीकडे पुढें आला आहे. मरिया ही योआकिम व अन्ना यांच्या घरीं आलेली लेक. ज्या देशांत मुलगी झाली म्हणतांच कित्येक घरांत आजहि चेहरे उतरतात, त्या देशांत एक सबंध समाज एका मुलीच्या जन्मासाठीं नऊ दिवस फुलें वेंचतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. भारतांतील कॅथॉलिक चर्चनें ८ सप्टेंबर हा दिवस कन्यादिन म्हणूनहि पाळण्यास आरंभ केला, तो याच भावनेनें. त्यासाठीं नवा विधि शोधावा लागला नाहीं. तो पूर्वींपासून होताच.

आज या सणापुढील अडचण निराळी आहे. बंदी नाहीं आणि बंदिवासहि नाहीं; पण भाताचीं शेतें कमी होत चाललीं आहेत. मंगळूरच्या आसपास जेथें पीक डोलत होतें तेथें इमारती उठल्या आहेत. पुष्कळ धर्मग्रामांना कणसें बाहेरून आणावीं लागतात. कांहींनीं पडीक जमिनींत तरुणांकडून भात लावून घेण्याचा उपक्रम केला आहे. शहरांतील मुलें फुलें बाजारांतून विकत आणतात. तांदूळ झाडाला लागतो कीं वेलीला, हेंहि ज्याला ठाऊक नाहीं अशा मुलाच्या हातांत वर्षांतून एकदां खरें कणीस पडतें तें या दिवशीं. तें सोलतांना टोंकाचें कूस बोटाला टोंचतें, एका दाण्यांतून एवढासा तांदूळ निघतो, आणि घरांतील सर्वांना पुरेल इतकी पूड होण्यास किती दाणे लागतात हें त्याला प्रत्यक्ष कळतें. शाळेंतील धड्यानें हें ज्ञान होत नाहीं.

धर्मन्यायालय गेलें, केळदीचे नायक गेले, हैदर व टिपू गेले, पेशवाई गेली, पोर्तुगीज व इंग्रजहि गेले. त्या सर्वांनीं या समाजाच्या आयुष्यांत उलथापालथ केली. ८ सप्टेंबरचें पान मात्र अजून मांडलें जातें, आणि त्या पानावर नव्याचा पहिला घास अजून वडील माणसाच्या हातूनच मिळतो. पुढेंहि तो मिळत राहावयाचा असेल तर त्याला कोणत्या मोठ्या व्यवस्थेची गरज नाहीं. एखाद्या आजीनें नातवाला आदल्या आठवड्यांत सकाळीं लौकर हांक मारून फुलें वेंचावयास पाठविलें, आणि दूर असलेल्या माणसाच्या नांवें चार दाणे बाजूला ठेवावयास सांगितलें, म्हणजे पुरे.